चालू झालं, पण दुरुस्त झालं का?

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे गोणपाटावर मांडलेली ड्रिल मशीन, ग्राइंडर आणि कटर यांच्यात हरवून जाणारे माझे मामा हे जुने गिऱ्हाईक. औंधच्या आयटीआयमधून फिटर होऊन त्यांनी सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यातल्या टूलरूममध्ये काढली. माझी वहिनी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, चाकणला सेफ्टीचं काम बघते. अपघात झाला की जागेवर जाऊन तो कसा झाला हे लिहून काढणं हा तिच्या नोकरीचा भाग. मामांनी बाजारातून आणलेलं ॲल्युमिनियम बॉडीचं, अर्ध्या इंची चकचं जुनं ड्रिल या संवादाला कारण झालं. मी पाना-पक्कड हातात देत ऐकत होतो. घरोघरी अशी यंत्रं माळ्यावर पडून असतात आणि त्यांचं काय करायचं ते बहुतेक वेळा न उघडताच ठरतं, म्हणून हे बोलणं लिहून ठेवावंसं वाटलं.

वहिनी: मामा, प्लगला लावू नका. आधी वायर बघा. धातूची बॉडी आणि दोन कोरची वायर!

मामा: आधीच्या मालकाने बदललेली दिसतेय. मूळची तीन कोरचीच असणार. हँडल उघडलं की अर्थचा स्क्रू रिकामा सापडेल बघ.

वहिनी: म्हणजे इतकी वर्षं कुणीतरी हे असंच वापरलं.

मामा: वापरलं, आणि काही झालं नाही.

वहिनी: ‘काही झालं नाही’ हे वाक्य मला प्रत्येक चौकशीत ऐकायला मिळतं. आदल्या दिवसापर्यंत कुणालाच काही झालेलं नसतं. आणि ड्रिलचा शॉक भिंतीवरच्या बटणाच्या शॉकसारखा नसतो. बटणावरून हात झटकला जातो. ड्रिल तुम्ही मुठीत धरलेलं असतं. दहा-बारा मिलिअँपिअर करंट हातातून गेला तरी स्नायू आखडतात आणि मूठ आणखी घट्ट होते. सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही.

मामा: मान्य. म्हणून तर तीन कोरची वायर घालणार आहे. वायर बदलायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यासाठी हे यंत्र भंगारात घालायचं का?

वहिनी: भंगारात घाला असं मी म्हटलं नाही. नवं घ्या म्हणतेय. नव्या ड्रिलच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं. त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन. त्याला अर्थ लागतच नाही. आतली वायर सुटली तरी करंट तुमच्या हातापर्यंत येत नाही.

मामा: आणि या पट्टीवर काय लिहिलंय ते वाच.

पट्टी मी पुसली होती. २३० व्होल्ट, चकमध्ये १३ मिलिमीटरपर्यंतचा बिट, बिनलोड वेग मिनिटाला ५०० फेरे. जुन्या बाजारात कोणतंही यंत्र घेताना ही पट्टी आधी वाचावी. परदेशातून आलेलं ११० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टला लावलं तर पहिल्याच मिनिटात जळतं. पट्टीच खरवडून काढलेली असेल तर ते यंत्र घेऊच नये.

मामा: पाचशे फेरे. आता घरोघरी जी हॅमर ड्रिल आहेत ती अडीच-तीन हजार फेऱ्यांची. भिंतीला ठीक आहेत. पण बारा मिलिमीटरचा बिट लोखंडाला लावायचा तर मिनिटाला सहाशेच्या आसपास फेरे हवेत. त्याच्या चौपट वेगाने फिरवलास की बिटचं टोक निळं पडतं, धार जाते आणि माणूस म्हणतो बिट खराब निघाला.

वहिनी: नव्या ड्रिलमध्ये ट्रिगर हलका दाबून वेग कमी करता येतो.

मामा: येतो की. पण वेग कमी केला की त्याच शाफ्टवरचा पंखाही हळू फिरतो. मोटरवर लोड तोच, हवा कमी. पाच मिनिटांत हाताला चटका बसतो. यात वेग गिअरने उतरवलाय. आत मोटर जोरात फिरते, तिला हवा मिळते आणि चकला ताकद मिळते. हे यंत्र लोखंडात भोक पाडण्यासाठीच केलेलं आहे.

इथे मामांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. जुनं ते सोनं, असं सरसकट कुणी म्हणू नये, पण विशिष्ट कामासाठी केलेलं जड, संथ यंत्र त्या कामात नव्याला हरवतं. हेच ड्रिल घेऊन कुणी स्लॅबला भोक पाडायला गेलं तर मात्र बिट जाईल आणि मनगटही, कारण यात हॅमर नाही. हातात धरायचं विजेचं ड्रिल श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली बनवलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा ट्रिगर यांचं पेटंट अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरला १९१७ साली मिळालं. तेव्हापासून या यंत्राचा आकार फारसा बदललेला नाही, आणि ट्रिगरमागे हात कसा असतो तेही बदललेलं नाही. वहिनीचं लक्ष तिकडेच होतं.

वहिनी: ट्रिगरच्या बाजूला हे बटण कसलं? लॉकचं?

मामा: हो. दाबलं की ट्रिगर अडकून राहतो. लांब कामाला बोट दुखत नाही.

वहिनी: आणि बिट अडकला तर? पाचशे फेऱ्यांची ताकद गिअरमधून येते म्हणालात. बिट थांबला की यंत्र फिरणार, यंत्र फिरलं की मनगट फिरणार, आणि ट्रिगर सोडला तरी मशीन बंद होणार नाही. यात क्लच आहे?

मामा: नाही. म्हणून बाजूचं हँडल लावायचं आणि दोन्ही हातांनी धरायचं.

वहिनी: हँडल कुठे आहे?

हँडल नव्हतं. जुन्या बाजारात यंत्र मिळतं, त्याच्याबरोबरचं हँडल आणि चकची चावी मात्र मिळत नाही. मामांनी आट्यांचं माप घेतलं आणि लेथवाल्याकडून दांडा करून घ्यायचं ठरवलं. लॉकचं बटण काढून टाकायचं, हेही त्यांनी फार ओढाताण न करता कबूल केलं. टूलरूममध्ये एका सहकाऱ्याचं मनगट याच कारणाने मोडलेलं त्यांनी पाहिलं होतं.

मग उघडायला सुरुवात झाली. मामांची पद्धत अशी: जुन्या वर्तमानपत्रावर पांढरं फडकं पसरायचं, काढलेला प्रत्येक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने मांडायचा. आधी दोन्ही बाजूंच्या टोप्या फिरवून मोटरचे कार्बन ब्रश काढले. एक बोटाच्या पेरापेक्षा जरा लहान, दुसरा झिजून पाच मिलिमीटरच्या आत आलेला, आणि त्याची स्प्रिंग उष्णतेने काळवंडलेली.

मामा: बघ, एकच कार्बन झिजलाय. म्हणजे हा होल्डरमध्ये अडकत होता. अडकला की ठिणग्या उडतात, ठिणग्या उडाल्या की कॉम्युटेटर जळतो. नवे कार्बन जोडीनेच घालायचे, आणि घालण्याआधी होल्डर साफ करायचा. लोक फक्त कार्बन बदलतात आणि चार महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार घेऊन येतात.

वहिनी: आणि हे सगळीकडे काळं काय आहे?

मामा: कार्बनची धूळ. झिजलेला कार्बन जातो कुठे? आतच बसतो.

वहिनी: मामा, कार्बनमधून वीज जाते. ही धूळ होल्डरपासून बॉडीपर्यंत पसरलीय. त्यात जुलैची ओल. हे यंत्र आत्ता मेगरला लावूया. साफ करायच्या आधी.

मामा: आधी कशाला? साफ केल्यावर लाव.

वहिनी: आधीचा आकडा असेल तर साफसफाईने काय झालं ते कळेल. नाहीतर आपण नुसतं म्हणत राहू, बरं झालं.

वहिनीने ओळखीच्या कंत्राटदाराकडून इन्सुलेशनचा रोध मोजणारा ५०० व्होल्टचा मेगर आणला होता. साधा मल्टिमीटर इथे चालत नाही. तो बॅटरीच्या मोजक्या व्होल्टवर तपासतो, आणि जी गळती २३० व्होल्टला होते ती त्याला दिसतच नाही. तिने पुन्हा जोडलेल्या ड्रिलच्या प्लगच्या दोन्ही पिना तारेने एकत्र केल्या, एक टोक त्यांना आणि दुसरं चकजवळच्या उघड्या धातूला लावलं. मामांनी मेगरचं बटण दाबायला हात पुढे केला, तर तिने थांबवलं. ड्रिलचा ट्रिगर दाबून धरायचा राहिला होता. ट्रिगर सुटा असेल तर फक्त वायर तपासली जाते, मोटरपर्यंत मेगर पोचतच नाही, आणि आकडा उगाच उत्तम येतो. ट्रिगर दाबल्यावर काटा ०.४ मेगाओमवर थांबला.

वहिनी: एक मेगाओमच्या खाली. नापास.

मामा: अगं, हिशेब कर. २३० भागिले चार लाख. अर्धा मिलिअँपिअर. नुसती मुंगी आल्यासारखं वाटेल.

वहिनी: आज. पाऊस पडून गेल्यावर, घामेजल्या हाताने, अनवाणी ओल्या शहाबादी फरशीवर उभं राहून? ती धूळ आणखी ओली झाल्यावर? मामा, आत्ता हे मशीन प्लगला लावलं असतं तर चाललं असतं ना?

मामा: झकास चाललं असतं.

वहिनी: माझं म्हणणं तेवढंच आहे. मशीन चालू झालं की आपण म्हणतो, दुरुस्त झालं. चालण्याचा आणि सुरक्षित असण्याचा संबंध नाही. मोटरला तिचा करंट मिळतोय तोवर ती फिरेल, बॉडीत काय गळतंय याची तिला पर्वा नाही.

मामा यावर काही बोलले नाहीत आणि कामाला लागले. हातातलं काम बघून त्यांचं मत बनतं, वाद ऐकून नाही. ब्लोअरने धूळ उडवली, मऊ ब्रशने होल्डरच्या कडा घासल्या, मग होल्डरच्या इन्सुलेशनवरून स्पिरिटचं फडकं फिरवलं. गिअरच्या कप्प्यातलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. ते खरवडून गिअर रॉकेलमध्ये धुतले, पण रॉकेलचा थेंबही वाइंडिंगकडे जाऊ दिला नाही. कॉम्युटेटरचं तांबं अगदी बारीक ग्लास पेपरने उजळलं. एमरी पेपर तिथे वापरायचा नाही, त्याचे कण विद्युतवाहक असतात आणि दोन पट्ट्यांमधल्या खाचेत जाऊन बसतात. खाचांमधला अभ्रक तांब्याच्या पातळीला आला होता, म्हणून कार्बन उड्या मारत होता. हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा घासून अरुंद केला आणि मामांनी एकेक खाच खोल केली. या कामाला दुपार गेली. रिवाइंडिंगच्या दुकानात याला इतका वेळ कुणी देणार नाही. तिथे आर्मेचर बदललं असतं.

मामा: आता हे बेअरिंग बोटावर फिरव.

मी फिरवलं. खरखर लागत होती, ऐकू येण्याआधी बोटाला कळत होती.

मामा: कडेला नंबर कोरलाय. ६२०१. भोक १२, बाहेरचा व्यास ३२, जाडी १०. जगात कुठेही जा, ६२०१ म्हणजे हेच माप. चिंचवडला घे, मुंबईत नागदेवीला घे, कुठल्याही तालुक्याच्या गावी मोटरवाल्याकडे घे. यंत्र बनवणारी कंपनी राहिली काय, बंद झाली काय, बेअरिंग मिळणार. तू नवं घे म्हणतेस. बॅटरीवरचं घेतलं तर बॅटरी त्याच कंपनीची लागते. कंपनीने आकार बदलला की चांगल्या मोटरसकट सगळं फेकायचं.

वहिनी: हे मात्र खरं आहे. आणि फेकायचं कुठे, तेही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत, त्यांच्या यादीत विजेची हत्यारंसुद्धा आहेत. नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवीत. प्रत्यक्षात भंगारवाला तांब्यासाठी वायर जाळतो आणि तो धूर त्याच्या पोरांच्या छातीत जातो. दुरुस्त करून वापरावं याला माझा विरोध नाही, मामा. आपल्याला येतं म्हणून आपल्याला काही होणार नाही, या भरवशाला विरोध आहे. मी ज्यांचे अपघात लिहून काढते त्यात शिकाऊ पोरं कमी असतात. वीस वर्षं काम केलेली माणसं जास्त.

मामा: उघडून बघितलेला माणूस जास्त जपून वापरतो, हा माझा अनुभव आहे. ज्याला आत काय आहे ते माहीत नाही, तो ठिणग्या उडाल्या तरी दामटत राहतो. मला आवाजावरून कळतं, वासावरून कळतं.

वहिनी: गळतीला आवाज नाही आणि वासही नाही.

या मुद्द्यावर मी वहिनीच्या बाजूला आहे. मामांचे कान आणि नाक यांच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. बेअरिंगची खरखर, वाइंडिंग तापल्याचा वार्निशचा वास, कॉम्युटेटरभोवती ठिणग्यांचं कडं, हे सगळं त्यांना कुठल्याही मीटरआधी कळतं. पण काही दोष असे असतात की ते माणसाच्या इंद्रियांना कळतात तेव्हा उशीर झालेला असतो. तिथे मीटरच हवा, आणि हातातलं कसब कितीही मोठं असलं तरी त्याने मीटरची जागा घेऊ नये.

नवं बेअरिंग बसवताना आतल्या कडीवरच दाब दिला, बाहेरची कडी ठोकली की गोळ्यांचे खड्डे पडतात. वाइंडिंगची ओल काढायला खोक्यात १०० वॉटचा जुना बल्ब लावून आर्मेचर आणि बॉडी रात्रभर आत ठेवली. नवी तीन कोरची वायर टाकताना मामांनी हिरवी तार बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवली. वायर कुणी हिसकली तर फेज आणि न्यूट्रल आधी सुटावेत, अर्थ सगळ्यात शेवटी. अर्थच्या स्क्रूखालचा रंग खरवडून धातू उघडा केला, लग दाबून बसवला, वायर क्लॅम्पमध्ये आवळली. वहिनी हे सगळं बारकाईने बघत होती. तिने एकही सूचना केली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मेगर लावला, ट्रिगर दाबून. काटा २० मेगाओमच्या पुढे गेला. अर्थच्या पिनपासून चकपर्यंत रोध अर्ध्या ओहमच्या आत.

मामा: आता?

वहिनी: आता ड्रिल पास. तुमचं घर अजून पास नाही.

मामा: घराचं काय?

वहिनी: ही इमारत जुनी आहे. तिसऱ्या पिनेला खरंच अर्थ आहे का?

टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थ यांच्यामध्ये धरला तर बल्ब मिणमिणला. अर्थिंग होतं, पण नावापुरतं. शेजारच्या विंगमध्ये तर एका वायरमनने सॉकेटच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून ठेवली होती. तिथे टेस्ट लॅम्प लख्ख पेटतो आणि घरचे निश्चिंत होतात. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की त्याच जोडणीमुळे यंत्राच्या बॉडीत सरळ २३० व्होल्ट येतात. ही जोडणी कुणी केली असेल तर ती आधी काढावी, दुसरं काहीही करण्याआधी.

मामा: एमसीबी आहे की.

वहिनी: सोळा अँपिअरचा. माणूस जायला तीस-पन्नास मिलिअँपिअर पुरतात. एमसीबी भिंतीतली वायर वाचवतो. तुम्हाला वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. जितका करंट गेला तितका परत आला नाही की तो क्षणात तोडतो. अर्थिंग कमजोर असलं तरी तोडतो. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

आरसीसीबी बसला, सोसायटीच्या अर्थिंगचा अर्जही गेला. मामांकडे याच बाजारातून आणलेला चार इंची ग्राइंडरही होता, गार्ड नसलेला. त्याचा वाद लवकर संपला. मिनिटाला अकरा हजार फेरे, १०० मिलिमीटरची चकती. तिची कड सेकंदाला सत्तावन्न मीटर जाते, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. तुटली तर तुकडा त्याच वेगाने सुटतो. गार्ड कुठे मिळेना, दुसऱ्याचा बसेना. मामांनी त्यातली बेअरिंग काढून ठेवली आणि वायर कापून टाकली, म्हणजे पुन्हा कुणी लावायला नको. यंत्र जुनं असल्याने ते वाचवायलाच हवं असं होत नाही, हे त्यांनीच ठरवलं. मला वाटतं, वहिनी काही बोलली नसती तरी त्यांनी तेच केलं असतं, फक्त थोडं उशिरा.

वहिनी: आता एकच राहिलं. हे ड्रिल सोसायटीत फिरणार, हो ना?

मामा: फिरणारच. मागितल्यावर नाही म्हणायचं का?

वहिनी: प्रत्येक घरी त्यांचा एक्स्टेन्शन बोर्ड असेल. तुमचा दाखवा बरं.

मामांनी बोर्ड उघडला. वर तीन पिनांची सॉकेट आणि आतून फक्त दोन तारा. तिसऱ्या पिनेच्या मागे काहीच नव्हतं.

मामा: हा मी विकत आणलेला आहे.

वहिनी: म्हणूनच म्हणतेय. तुम्ही हिरवी तार बोटभर लांब ठेवलीत आणि ती इथे येऊन संपते.

मामा: दीड स्क्वेअरची तीन कोर वायर उरलीय. याला टाकतो. ड्रिल जाईल तिथे हाच बोर्ड जाईल.

वहिनी: आणि ज्यांच्या घरी आरसीसीबी नाही त्यांच्याकडे?

मामा: बोर्डातच एक बसवू. जागा आहे.

वहिनी: तोवर कुणाला भोक पाडून हवं असेल तर?

मामा: तर मी जाईन. तू मेगर घेऊन ये, त्यांचं अर्थिंगही बघून होईल.